सासूबाईंचं उत्तर ‘कधीच नाही’: देशोदेशीची पर्यावरण-सर्वेक्षणं, त्यांची मॉडेलं आणि आपलं खान्देश

गिरणाकाठची · शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, डोकं भंजाळलंय म्हणून धागा काढतेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. यंदा एमएस्सीच्या चार पोरींनी प्रकल्पाला विषय घेतलाय: वेगवेगळ्या देशांतली माणसं पर्यावरणाबद्दल काय म्हणतात आणि घरी काय करतात. डेटा आयता आहे. आयएसएसपी म्हणून देशोदेशीच्या संशोधकांचा सामायिक सर्वेक्षण-उपक्रम चालतो. त्यांनी १९९३, २०००, २०१० आणि २०२० अशा चार फेऱ्यांत पर्यावरणावर प्रश्न विचारलेत. जर्मनीतल्या गेसिस संस्थेकडे नाव नोंदवलं की फायली फुकट उतरवून घेता येतात. पोरी खूश, कारण फॉर्म घेऊन गावोगाव हिंडायला नको. जळगावच्या मे महिन्यात तर नकोच नको.

त्यावर मल्टिलेव्हल मॉडेल (माणूस आणि देश अशा दोन पातळ्यांचं गणित) चालवायचं आहे. मी म्हटलं, ते चालवण्याआधी २०१० च्या प्रश्नावलीतले सवयींचे प्रश्न मराठीत आणा आणि घरच्यांना विचारून बघा. प्रश्न साधारण असे: पर्यावरणाच्या कारणाने तुम्ही घरातली वीज किंवा इंधन किती वेळा कमी वापरता? पर्यावरणाच्या कारणाने पाणी किती वेळा वाचवता किंवा पुन्हा वापरता? काही वस्तू घेणं किती वेळा टाळता? उत्तरं चारच: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही.

पोरींना सांगितलं तर आपणही करावं, म्हणून अमळनेरला सासूबाईंसमोर कागद घेऊन बसले. त्या मेथी निवडत होत्या.

“पर्यावरणासाठी पाणी वाचवता का?”

“पर्यावरण म्हंजे ते पोरेस्नं पुस्तक ना?”

मी समजावलं. हवा, पाणी, झाडं, निसर्ग.

“नही बा. नळले चार दिनमा एकदाव पानी येस. वाया कसाले घालसू?”

नियमाप्रमाणे मी ‘कधीच नाही’वर खूण केली. तोवर त्यांनी मेथी धुतलेलं परातीतलं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं होतं. मागच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या उलट्या करून, धुऊन, चिमट्यांनी वाळत टाकलेल्या. त्या महिनाअखेर भंगारवाल्याकडे जातात. कपडे खंगाळलेलं पाणी अंगणात सड्याला. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर घरात इतक्या आहेत की पाहुणे पळतात. सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच: कधीच नाही.

मग अहोंना कागद दिला. त्यांनी भराभर सगळीकडे ‘नेहमी’वर गोल केले. तेव्हा वरच्या मजल्यावर एसी रिकाम्या खोलीला गार करत होता.

म्हणजे आमच्या डेटात सासूबाई तळाला आणि अहो वर. आता हा माहिती गोळा करतानाचा दोष म्हणायचा, की मॉडेल मुळातच दुसरं काहीतरी मोजतंय? सोमवारी पोरी विचारणार आहेत.

चहाबाज · शनिवार, रात्री ९.५५

अहोंना हा धागा दाखवलात का? 😄

मूळचा_साक्रीकर · शनिवार, रात्री १०.३०

ताई, मी पुण्यात डेटाच्याच धंद्यात आहे, त्यामुळे थोडी प्रश्नावलीवाल्यांची बाजू घेतो.

‘पर्यावरणाच्या कारणाने’ हे शब्द त्यांनी चुकून घातलेले नाहीत. पॉल स्टर्न या अमेरिकन संशोधकाने २००० मध्ये हा भेद नीट मांडला होता. एक वागणं हेतूने पर्यावरणपूरक असतं, दुसरं परिणामाने. वृत्तीवरून वागणं ओळखायचं असेल तर हेतू धरावाच लागतो. नाहीतर ज्याला गाडी परवडत नाही तो प्रत्येक माणूस पर्यावरणप्रेमी ठरेल, आणि मग वृत्तीचा वागण्याशी संबंध शोधायला उरलंच काय?

तेव्हा सासूबाईंचं उत्तर चूक नाही आणि प्रश्नही चूक नाही. घोटाळा पुढे होतो. कोणीतरी त्या उत्तरांची देशवार सरासरी काढतं, स्तंभालेख करतं, आणि खाली लिहितं: ‘या देशातले लोक पर्यावरणासाठी काही करत नाहीत’. ‘पर्यावरणाचं नाव घेऊन करत नाहीत’ हे ‘करत नाहीत’ कधी झालं, ते कोणाला कळतही नाही.

राशीवाला · रविवार, सकाळी ६.१५

मी रावेरचा, केळीवाला. बीकॉम झालोय पण संख्याशास्त्राला तेव्हाच हात जोडले. धागा आवडला. ते मल्टिलेव्हल का काय असतं, ते आमच्या भाषेत सांगता का ताई?

गिरणाकाठची · रविवार, सकाळी ८.०५

भाऊ, तुमच्याच बागेत चला. व्यापारी येतो, विचारतो, रास कितीची? तुम्ही म्हणता बावीसची. म्हणून काही प्रत्येक घड बावीस किलोचा नसतो. बांधाकडचा पंधराचा, मधला अठ्ठावीसचा. रास ही त्या बागेची सरासरी.

आता समजा पन्नास बागांतले घड वजन केले. वजनातला फरक दोन जागांहून येतो: एकाच बागेतल्या घडाघडांत, आणि बागेबागेत. साधं रिग्रेशन (खत-पाण्यावरून वजनाचा अंदाज बांधायचं गणित) सगळे घड एका ढिगात ओततं आणि प्रत्येकाला सुटा समजतं. पण एका बागेतल्या घडांची विहीर एक, माती एक, मालक एक. ते एकमेकांचे भाऊबंद. मल्टिलेव्हल मॉडेल हे भाऊबंदपण मान्य करून दोन्ही फरक वेगळे काढतं. आमच्या प्रकल्पात माणूस म्हणजे घड आणि देश म्हणजे बाग.

एकूण फरकातला बागेबागेतला हिस्सा किती, याला इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात. पर्यावरणाविषयीच्या मतांत बहुतेक वेळा मोठा हिस्सा देशांच्या आतच सापडतो. पेपरात ‘अमुक देश जागरूक, तमुक बेफिकीर’ असा तक्ता छापतात तेव्हा हा हिस्सा कोणी छापत नाही.

राशीवाला · रविवार, सकाळी ८.४०

हे समजलं. पण एक सांगतो ताई, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबाग (पावसाळा सरल्यावर लावलेली) एका रांगेत धरून रास लावली तर फसाल. खत तेवढंच टाका, कांदेबाग ऐन वाढीत थंडीत सापडली की उचलतच नाही. तेच खत मृगबागेत दिसून येतं.

गिरणाकाठची · रविवार, सकाळी ८.५०

भाऊ, याला वर्गात मी दोन तास घेते! याचं नाव रँडम स्लोप. नुसती बागेची रास वेगळी असते एवढंच नाही, खताचा परिणामही बागेगणिक वेगळा असतो. शिक्षण वाढलं की पर्यावरणाची काळजी वाढते, हा उतारही सगळ्या देशांत सारखा चढत नाही. तो सगळीकडे एकच धरला तर एका देशाचं खत दुसऱ्याच्या नावावर जातं.

उद्या वर्गात हेच उदाहरण देणार. तुमचं नाव न घेता.

राशीवाला · रविवार, सकाळी ८.५२

नाव घ्या की. बाग पण दाखवतो पोरींना.

अक्राणी · रविवार, दुपारी १.२०

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात बरीच वर्षं काढलीत, म्हणून या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

या सगळ्या मॉडेलांच्या मुळाशी रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं एक जुनं गृहीतक बसलंय. १९७७ पासून ते मांडत आले की पोट भरलं, सुरक्षितता आली, की माणूस पैशापलीकडच्या मूल्यांकडे वळतो, आणि पर्यावरण त्यातलंच एक. म्हणजे आधी श्रीमंत व्हा, मग झाडांची काळजी करा. देशपातळीवर जीडीपी टाकायचा आणि त्याचा गुणांक (परिणामाचा आकडा) धन येतो का, म्हणजे जीडीपीबरोबर काळजी वाढते का, ते बघायचं, ही पद्धत तिथून रुळली.

पण १९९२ मध्ये, रिओच्या वसुंधरा परिषदेच्या तोंडावर, गॅलप या सर्वेक्षण-संस्थेने २४ देशांत सर्वेक्षण केलं होतं. त्यात भारतही होता. रायली डनलॅप आणि सहकाऱ्यांनी ते आकडे मांडले तेव्हा दिसलं की गरीब देशांतले लोकही पर्यावरणाबद्दल चिंतेत आहेत, काही बाबतींत श्रीमंतांपेक्षा जास्त. इंगलहार्ट यांनी १९९५ मध्ये त्यावर तोड काढली: गरीब देशांत काळजी प्रत्यक्ष प्रदूषणातून येते, श्रीमंत देशांत मूल्यांतून. रामचंद्र गुहा आणि मार्टिनेझ-अलिए यांनी तर ‘गरिबांचा पर्यावरणवाद’ अशी वेगळी जातच दाखवून दिली.

माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडची गावं येतात. अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) हे तालुके मिळून ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात. मणिबेलीची माणसं पाणी चढत असताना घर सोडायला तयार नव्हती. त्यांना ‘वाढीव किंमत मोजाल का, वाढीव कर भराल का’ असं विचारून बघा. आयएसएसपीत हे प्रश्न आहेत. वाढीव किंमत कशाची? त्यांच्याकडे विकत घेण्यासारखं मीठ, तेल आणि काडेपेटी. जंगल त्यांनी कधी विकत घेतलंच नव्हतं.

चहाबाज · रविवार, दुपारी १.४५

सर्वेक्षणात लोक थापा मारतात, एवढंच सत्य. बाकी सगळं गणित त्यावरचा मुलामा. ‘झाडं लावाल का?’ ‘हो.’ कधी? कधीच नाही.

बाकी कोणी अमळनेरला भरीत कुठे चांगलं मिळतं सांगेल का? कपाशीच्या काट्यांवर भाजलेलं पाहिजे, गॅसवरचं नको. (हे पर्यावरणपूरक धरायचं की नाही, ताईंनी ठरवावं.)

मूळचा_साक्रीकर · रविवार, दुपारी ३.१०

भरीताचं नंतर. थापांचं मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

१९३४ मध्ये लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने छापलेला प्रयोग बघा. तो एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडला. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. २५१ ठिकाणी, म्हणजे लॉज नि खानावळी धरून, ते गेले. नाकारलं फक्त एका ठिकाणी. मग काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं: चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी लिहिलं, नाही. म्हणजे इथे कागदावरचा माणूस प्रत्यक्षापेक्षा वाईट निघाला. सासूबाईंसारखाच उलटा प्रकार.

मत आणि वागणूक यांत अंतर असतं, ते दोन्ही दिशांना असतं. मग विचारायचं ते असं, की कुठल्या वागण्यात मत उपयोगी पडतं? डीकमान आणि प्राइसेनडोर्फर यांनी बर्न आणि म्यूनिकच्या लोकांवरून एक उत्तर दिलं. जिथे खर्च आणि गैरसोय कमी, तिथे वृत्ती वागण्यात उतरते, कचरा वेगळा करणं वगैरे. जिथे खरी झळ बसते, गाडी सोडायची किंवा थंडीत घर तापवणं कमी करायचं, तिथे वृत्तीचा जोर ओसरतो. अहोंचा एसी.

आपल्याकडे याची दुसरी बाजूही दिसते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा बाजारात अचानक सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या होत्या. त्या आठवड्यात लोकांची मूल्यं बदलली नव्हती. दंड आला होता. मग धाक उतरला तशा पिशव्याही उतरल्या.

नवखी०७ · रविवार, सायंकाळी ७.२५

मॅडम, मी तुमच्या वर्गातली नाही, नंदुरबारला एमएस्सीला आहे. पण तोच डेटा बघतेय. कार कमी चालवण्याच्या प्रश्नात एक वेगळा पर्याय आहे: ‘माझ्याकडे कार नाही किंवा मला चालवता येत नाही’. कचरा वेगळा करण्याच्या प्रश्नातही ‘आमच्या भागात तशी सोय नाही’ असा पर्याय आहे. आमच्या सरांनी सांगितलं की हे मिसिंग, म्हणजे उत्तरच नाही असं, करून टाका. बरोबर आहे का?

गिरणाकाठची · रविवार, रात्री ९.१५

बाळा, फार चांगलं पाहिलंस. सरांशी वाद घालू नकोस, पण त्यांना एक तक्ता नक्की करून दाखव: कुठल्या देशातली किती टक्के माणसं या पर्यायामुळे गळतात.

हे पर्याय मिसिंग केले आणि ज्याच्या रांगेत एकही मोकळी जागा आहे तो माणूसच काढून टाकला, तर काय होतं बघ. श्रीमंत देशातले जवळपास सगळे टिकतात. गरीब देशात उरतात ते कारवाले. म्हणजे तू जर्मनीतल्या सर्वसाधारण माणसाची तुलना फिलिपाइन्समधल्या कारवाल्याशी करतेस आणि खाली लिहितेस ‘दोन देशांची तुलना’. चारचाकीत कधी बसलाच नाही तो माणूस त्या मॉडेलमध्ये जन्मालाच येत नाही.

करता येण्यासारखं: वागण्याचे प्रश्न एका बेरजेत कोंबू नकोस. प्रत्येकाचं वेगळं मॉडेल कर, आणि ‘सोय नाही’ हे स्वतंत्र उत्तर म्हणून ठेव. सोय आहे का, हा पहिला टप्पा. असेल तर वापरता का, हा दुसरा. मला तर वाटतं, पहिल्या टप्प्यातच निम्मी गोष्ट सापडेल.

आणि ‘सोय नाही’ हे उत्तर तरी कोणी कसं द्यायचं? आमच्या गल्लीत पालिकेचे वेगळे डबे नाहीत. पण भंगारवाला दर आठवड्याला हाळी देत येतो आणि लोखंड, पत्रा, पुठ्ठा, बाटल्या काट्यावर तोलून नेतो. सोय आहे की नाही? सासूबाई म्हणतील नाही, कारण त्यांच्या लेखी तो कचराच नव्हे, त्याचे पैसे येतात.

मूळचा_साक्रीकर · रविवार, रात्री १०.४०

काटा म्हणालात म्हणून आठवलं. सगळ्यात अवघड भाग अजून आलाच नाही: मोजमापाची समानता, मेजरमेंट इन्व्हेरिअन्स.

पाच-सहा प्रश्नांवरून ‘पर्यावरणाची काळजी’ असा एक अदृश्य घटक काढायचा आणि देशादेशांत तोलायचा. पण सगळ्या देशांत काटा एकच आहे का? तीन पायऱ्यांनी तपासतात. पहिली: काटा त्याच जातीचा आहे का, म्हणजे तेच प्रश्न एका घटकाशी जुळतात का. दुसरी: वजनं सारखी आहेत का. एका गावात कच्चा शेर, दुसऱ्यात पक्का शेर असेल तर आकडे जुळतील, माल जुळणार नाही. तिसरी पायरी पासंगाची. काटा मोकळा असतानाच एका पारड्याकडे झुकलेला असला तर वजनं खरी असूनही माप खोटं येतं. काही समाजांत पाहुण्याने काही विचारलं की ‘हो’ म्हणायची रीत असते, काही ठिकाणी लोक टोकाचं उत्तर टाळतात. तो पासंग.

दुसरी पायरी जमली तर ‘शिक्षणाने काळजी किती वाढते’ हे देशादेशांत ताडून बघता येतं. पण देशांच्या सरासऱ्या वरखाली लावायच्या तर तिसरी जमायला लागते, आणि ती बऱ्याचदा जमत नाही. रिसर्च पेपरात मात्र क्रमवारी असते.

गिरणाकाठची · रविवार, रात्री ११.००

पासंग! दादा, हा शब्द इतकी वर्षं समोर होता आणि मी वर्गात ‘स्केलर इन्व्हेरिअन्स’ बडबडत बसले.

त्यात देशपातळीचं अजून एक दुखणं. हजारो माणसं विचारली तरी जीडीपीच्या बाबतीत आमच्याकडे तीसेकच निरीक्षणं, देश तेवढेच म्हणून. ब्रायन आणि जेन्किन्स यांनी २०१६ मध्ये सांगितलं की साध्या मॉडेलला निदान २५ देश आणि लॉजिटला (हो-नाही उत्तरांच्या मॉडेलला) ३० तरी हवेत, नाहीतर देशपातळीच्या आकड्यांवर विसंबू नका. पोरींनी पहिल्या झटक्यात जीडीपी, शिक्षण, लोकशाही, शहरीकरण, प्रदूषण असं सगळं एकदम घातलं होतं. हे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ. कोणता गुणांक कोणाचा, ते देवालाही सांगता येणार नाही.

राशीवाला · सोमवार, सकाळी ५.५०

म्हणजे बागा तीस आणि दोष द्यायला कारणं दहा. आमच्याकडे पण रास पडली की असंच होतं. कोणी पाण्याला बोलतो, कोणी रोपांना, कोणी खताच्या दुकानदाराला.

एक शंका. बागेच्या राशीवरून एखाद्या घडाचं वजन सांगता येत नाही, हे खरं. मग देशाच्या सरासरीवरून माणसाचं सांगतात ते कसं?

गिरणाकाठची · सोमवार, सकाळी ७.१०

सांगू नये, भाऊ. सांगितलं की पडतात. १९५० मध्ये रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं. राज्यांच्या सरासऱ्या घेतल्या तर परदेशात जन्मलेले जास्त तिथे निरक्षरता कमी: सहसंबंध उणे ०.५२६. माणूस धरून मोजलं तर परदेशी जन्म आणि निरक्षरता यांचा सहसंबंध अधिक ०.११८. चिन्हच उलटलं. कारण बाहेरून आलेले लोक शिकलेल्या राज्यांत जाऊन राहत होते.

आपल्या बाबतीत: श्रीमंत देश जास्त काळजी दाखवतात असं समजा दिसलं, तरी त्यावरून श्रीमंत माणूस जास्त काळजी करतो असं होत नाही. दोन पातळ्यांचे दोन गुणांक वेगळे काढावे लागतात.

कॉलेजला निघते. संध्याकाळी सांगते काय झालं ते.

अक्राणी · सोमवार, सकाळी ९.३०

आणि भारत म्हणजे एक ठिपका, हेही पोरींना सांगा. जागतिक मूल्य सर्वेक्षणात भारत १९९० पासून आहे. त्यात एक नेहमीचा प्रश्न: वाढ मंदावली, रोजगार गेले तरी पर्यावरणाला प्राधान्य द्यावं, की वाढीला द्यावं? केरळ, पंजाब, तोरणमाळचं पठार आणि चोपड्याची केळी, सगळ्यांचं मिळून एक टक्केवारी. मला तर राज्यं ही मधली पातळी वाटते. माणूस, राज्य, देश.

मूळचा_साक्रीकर · सोमवार, सकाळी १०.१५

राज्यही मोठं पडेल कदाचित. आमच्या साक्री तालुक्यातच बघा. एकीकडे पवनचक्क्यांच्या रांगा, एकीकडे सौर प्रकल्प, आणि डोंगराच्या कुशीत बारीपाडा. चैतराम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ते गाव. जंगल उघडं पडलं, पाणी आटलं, तेव्हा गावानेच झाड तोडणाऱ्याला दंड लावला आणि रान पुन्हा उभं केलं. हे वागणं कुठल्या मॉडेलमध्ये बसतं? मत नाही, पगार नाही, शिक्षण नाही. गावाची बैठक हा चल (मोजायचा घटक) आमच्या फायलीत नाही.

गिरणाकाठची · सोमवार, रात्री ९.२०

सांगते.

पोरींनी घरची उत्तरं आणली होती. एकीचे वडील एरंडोलजवळ ठिबकवर कपाशी घेतात. ‘पर्यावरणासाठी पाणी वाचवता का?’ ‘नाही, वीज रात्रीची येते, ठिबक असलं की जागावं लागत नाही.’ दुसरीची आई ‘नेहमी’ म्हणाली, का विचारलं तर ‘तुझ्या बारावीच्या पर्यावरणाच्या वहीत तसंच लिहिलं होतं ना’.

आम्ही ठरवलंय ते असं. आयएसएसपीचा डेटा तसाच वापरायचा, प्रश्न बदलायचे नाहीत, पण वागण्याची बेरीज करायची नाही. प्रत्येक सवयीचं वेगळं मॉडेल, ‘सोय नाही’ वेगळं, देशपातळीवर दोनच चल. क्रमवारीचा तक्ता काढायचा नाही, एकीला फार हौस होती तरी. आणि जोडीला आपल्याकडचा छोटा अभ्यास: तोच प्रश्न दोन तुकड्यांत. आधी ‘पाणी वाचवता का, कसं?’, मग ‘का?’ कारण उघडं सोडायचं, पर्याय द्यायचे नाहीत.

त्यासाठी अहिराणीतली आणि पावरीतली (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या भाषेतली) प्रश्नावली लागेल. अहिराणीचं सासूबाई बघतील, त्यांनी आत्ताच ‘पर्यावरण’ हा शब्द कापून टाकलाय. पावरीचं कोणी ओळखीचं आहे का? भाषांतर करून, दुसऱ्याकडून परत मराठीत आणून ताडून बघायचं आहे.

अक्राणी · सोमवार, रात्री ९.५०

माझा एक मित्र तिकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. तो पावराच आहे. विचारतो. रेंजमध्ये येईल तेव्हा, म्हणजे गुरुवारच्या बाजाराला.

चहाबाज · सोमवार, रात्री ९.५५

आणि भरीत?

गिरणाकाठची · सोमवार, रात्री १०.०२

रविवारी घरी या. पाणी स्वतःचं आणा.